पांढरं पडलेलं काळं

बारामतीच्या शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून रुजू झाले आणि इंदापूर रस्त्याला खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी नाव, गाव, जात, पगार यातलं काहीच विचारलं नाही. ते दारातल्या करंजाखाली पाटावर बसले होते. मांडीवर जीपच्या आरशाचं काळं टोपण, शेजारी पाण्याची बादली, आणि हातात पॉलिशपेपरचा तुकडा. टोपण पाण्यात बुडवून ते सावकाश घासत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"काय शिकवता?"

"चित्रकला."

घासणारा हात थांबला. "म्हंजे रंगवता?"

"हो."

"कशावर?"

"कागदावर."

"मग हरकत न्हाय. कागदावर काय रंगवायचं ते रंगवा. पण ह्या घरातल्या वस्तूला ब्रश लावायचा न्हाय. दाराला न्हाय, खिडकीला न्हाय, कुंडीलासुदिक न्हाय."

आतून बाईचा आवाज आला, "अवो, पोरगी उन्हातनं आलीया. पाणी तरी पिऊ द्या तिला, मग नेम सांगा."

पाण्याचा तांब्या घेऊन घरमालकीण मावशी बाहेर आल्या, आणि खोली कुठल्या बाजूला आहे, भाडं किती, पाणी किती वाजता येतं, हे सगळं मला त्यांनी सांगितलं. घरमालकांच्या, म्हणजे आबांच्या लेखी बोलणी केव्हाच संपली होती. ते पुन्हा टोपण घासायला लागले होते.

त्या घरात मी चार वर्षं राहिले. नव्वदच्या दशकातली पहिली चार वर्षं.

त्या काळात आमच्या त्या भागात जीपांचं राज्य होतं. कारखान्यांच्या जीपा, ठेकेदारांच्या जीपा, बागायतदारांच्या जीपा, आणि सगळ्यात जास्त वडापच्या. दहाच्या गाडीत वीस माणसं घालून भिगवण-बारामती, बारामती-इंदापूर करणाऱ्या. पुढची दोन्ही आणि मागची दोन्ही चाकं ओढतात अशा जुन्या गाड्या उसाच्या फडातून, कालव्याच्या चिखलातून बिनबोभाट जायच्या. त्यांचं इंजिन बिघडलं तर गावात चाळीस मिस्त्री होते. पत्रा चेपला तर डेंटिंगवाले होते. पण गाडीच्या अंगावर प्लॅस्टिकही असतं. पुढची जाळी, चाकांवरच्या पट्ट्या, आरशांची टोपणं, डॅशबोर्ड, स्टिअरिंग, मागच्या दिव्यांच्या लाल काचा. आमच्या उन्हात हे सगळं काळं प्लॅस्टिक दोन वर्षांत करडं व्हायचं आणि पाच वर्षांत चुलीतल्या राखेसारखं पांढरं. त्याच्याकडे बघणारा साऱ्या तालुक्यात एकच माणूस होता, आणि तो माझा घरमालक होता.

बाकीचे लोक त्यावर जळकं ऑइल फासायचे, नाहीतर सरळ काळा रंग मारायचे. रंग मारलेला भाग कुणी आणला की आबांचा चेहरा असा व्हायचा, जणू समोर कुणी मेलेला उंदीर ठेवलाय.

"ह्याला काय केलंय हे?"

"रंग दिलाय आबा. चांगला दिसत होता, पण पोपडं सुटायला लागलं."

"सुटणारच. त्याला श्वास घ्यायचा होता, तुमी तोंडावर पावडर थापली." मग हळू आवाजात, जणू त्या भागाला ऐकू जाऊ नये म्हणून, "प्लॅस्टिक मरत न्हाय, पावणं. रुसतं. वरचं जळलेलं कातडं काढा, आतमधी काळं हायेच की."

ते काळं वर आणायची त्यांची रीत चार दिवसांची होती, आणि पाच मिनिटांत करून मागितलं तरी चार दिवसांचीच होती. पहिल्या दिवशी धुण्याच्या सोड्यानं धुणं. दुसऱ्या दिवशी पाण्यात घासणं, आधी जाड कागद, मग बारीक, मग इतका बारीक की तो कागद आहे यावर माझा विश्वास बसायचा नाही. मग सावलीत वाळवणं. सावलीतच, उन्हात ठेवलेलं दिसलं तर ते मला, मावशींना आणि दारातल्या कुत्र्याला एकाच आवाजात ओरडायचे. तिसऱ्या दिवशी कोळशाची इस्त्री. ती भागाला टेकवायची नाही, बोटभर अंतर ठेवून वरून फिरवायची. राखेच्या रंगाखालून काळा रंग हळूहळू वर यायचा, ओल्या पाटीवरची अक्षरं दिसावीत तसा. तो क्षण बघायला मी कितीदा तरी शाळेतून धावत आलेय. चौथ्या दिवशी जवसाचं तेल, जुन्या धोतराच्या तुकड्यानं. मागच्या दिव्यांच्या लाल काचांना मात्र दंतमंजन. त्यामुळे त्या घरात दंतमंजनाचा डबा दोन दिवसांत संपायचा, आणि मावशी राखुंडीनं दात घासायच्या.

अंगणात कपड्यांच्या दोरीवर मावशींच्या नऊवाऱ्या, माझ्या ओढण्या आणि त्यांच्यामध्ये चिमटे लावून जीपांची टोपणं आणि पट्ट्या टांगलेल्या असायच्या. एकदा माझ्या शाळेच्या मुख्याध्यापकबाई घरी आल्या आणि दोरीकडे बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुमच्याकडे काय काय धुतात?"

इंजिनाबद्दल बोललेलं आबांना चालत नसे. कुणी म्हणालं, "आबा, गाडी चढाला जरा दम टाकतीय," की ते हात वर करून थांबवायचे. "ते मला सांगू नका. आतड्याचा डॉक्टर येगळा." त्यांनी तीस वर्षं एका सरकारी गॅरेजात नोकरी केली होती. तिथं हूड शिवणं, सीटा बदलणं हे त्यांचं काम. गाड्या ओळीनं उन्हात उभ्या असायच्या आणि पांढऱ्या पडत जायच्या, ते बघून बघून त्यांना हा नाद लागला. नोकरीत असताना त्यांनी साहेबांना तीनदा अर्ज दिला होता, की गाड्या सावलीत लावाव्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी अर्जाऐवजी थेट कृती सुरू केली. बाजारात कुणाची जीप उन्हात दिसली की ते तिच्या डॅशबोर्डावर पोतं टाकून यायचे. ओळख असो वा नसो. भाजी घेऊन परत आलेला मालक आपल्या गाडीत गोणपाट बघून चक्रावून जायचा. मावशींच्या घरात त्यामुळे पोतं कधी टिकलं नाही.

पण आबांची खरी ख्याती वेगळीच होती. पांढरं पडलेलं प्लॅस्टिक बघून ते त्या गाडीचं आयुष्य सांगायचे.

एकदा एका कारखान्याचे शेतकी अधिकारी बायकोला घेऊन आले. बायकोला बाजारात सोडायचं होतं, जाता जाता गाडी दाखवायची होती. आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या आरशाला नखानं खरवडलं, उजव्याला खरवडलं, खाली वाकून पट्टी बघितली.

"साहेब, तुमची गाडी रोज दुपारी तीन-चार तास उत्तरेला तोंड करून उभी असती. उघड्यावर. डावी बाजू पार भाजून निघालीया. आन् पट्टीला हा गाळ हाय तो फडातला न्हाय. धरणाच्या पाण्याचाय. डाळजकडं का?"

साहेब काही बोलण्याआधी बायको बोलली. "रोज दुपारी? दुपारी तर तुम्ही अंथुर्ण्याला ऊस नोंदायला जाता ना?"

मी वरच्या खिडकीत होते. साहेबांचा चेहरा मला दिसला, आणि मला वाटलं, आता या माणसाचं काही खरं नाही. आबांच्याही लक्षात आलं. ते एकदम खाली बसून टायर बघायला लागले, जे त्यांनी जन्मात कधी बघितलं नव्हतं.

"पक्षी बघायला जातो," साहेब शेवटी म्हणाले. "रोहित पक्षी येतात तिथं. गुलाबी. हजारांनी येतात. डबा तिथंच खातो."

"एकटे?"

"एकटाच."

बाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की जणू आजच बघतायत. "पंधरा वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या, "आणि मला एकदाही नेलं नाहीत?" पुढच्या आठवड्यात गाडी न्यायला साहेब आले तेव्हा म्हणाले, की आता डबा दोघांचा असतो.

या असल्या निदानांसाठी आबांना गाडीचा आधीचा चेहरा जपून ठेवायचा असायचा. मी यायच्या आधी ते वहीत लिहायचे, 'उजवी पट्टी, मधे राख, कडेला करडं.' पण शब्दांवर त्यांचं समाधान नव्हतं. मला येऊन महिना झाला असेल, एका रविवारी खालून हाक आली.

"बाई, तुमी कागदावर रंगवता न्हवं? मग या खाली."

त्यांनी डॅशबोर्डावर बटर पेपर पसरला होता. "ह्याच्यावर जसंच्या तसं काढा. कुठं पांढरं, कुठं करडं, कुठं काळं ऱ्हायलंय. लहान-मोठं न्हाय करायचं. आहे तेवढंच."

"कशासाठी आबा? उद्या तर तुम्ही हे घासूनच टाकणार."

"डॉक्टर आपरेशनच्या आधी फोटू काढतोय का न्हाय? तसंच हे." चित्र झाल्यावर म्हणाले, "सही करा. तारीख घाला. चित्रकारानं सही करावी."

शाळेत मी मुलांना कुंडी आणि द्राक्षांचा घड काढायला शिकवत होते. कुणी मला त्या चित्रांवर सही करा म्हणालं नव्हतं. मी सही केली. पुढे दर रविवारी दोन-तीन चित्रं व्हायची. ती उंदरांनी खाऊ नयेत म्हणून मी माझ्या ट्रंकेत ठेवायचे. माझ्या मैत्रिणी हसायच्या, की तू बारामतीला जाऊन डागांची चित्रं काढतेस. पण खरं सांगते, करड्या रंगाच्या इतक्या छटा असतात हे मला कला महाविद्यालयात कळलं नव्हतं, ते आबांच्या अंगणात कळलं.

तिसऱ्या वर्षी इंदापूरच्या एका ठेकेदाराची जीप आली. लाल रंगाची, नव्यानं रंगवलेली. ठेकेदारानं ती जुनी विकत घेतली होती आणि मुलीच्या लग्नात मिरवायला ती आतून-बाहेरून नवी दिसायला हवी होती. डॅशबोर्डावर मखमलीचं कव्हर चिकटवलेलं होतं. आबांनी ते उचकटलं. खाली सगळं पांढरं, आणि बरोबर मध्ये अंगठ्याएवढा एक काळा ठसा. चौकोनी, पण एक कोपरा नसलेला. मी तो काढताना म्हणाले, "इथं कुंकवाची डबी ठेवत असतील."

आबांनी ठशाच्या कडेवरून नख फिरवलं. "डबी रोज हलती बाई. हे हललेलं न्हाय. हितं कुणीतरी लई वर्षं बसलं होतं."

मग नेहमीप्रमाणे चार दिवस गेले. डॅशबोर्ड असा निघाला की त्यात तोंड दिसावं. मी आबांचं काम इतकी वर्षं बघत होते, पण याच्या इतकं सुरेख मी बघितलं नव्हतं. आबाही खूश होते. त्यांनी मावशींना खास बोलावून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "छान हाय. आता माझी इस्त्री द्या."

त्याच दुपारी एक तिशीचा माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला. "जय भीम, आबा."

"जय भीम. या."

तो डाळजचा सिद्धार्थ. वडापची जीप चालवायचा. आठ महिन्यांपूर्वी भिगवणच्या स्टँडजवळून पहाटे त्याची गाडी चोरीला गेली होती. तेव्हापासून तो दुसऱ्याच्या टेम्पोवर होता आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजं पालथी घालत होता. "पांढरी गाडी आबा. तुमच्याकडं आली व्हती का, म्हणून इचारायला आलो," म्हणता म्हणता त्याची नजर लाल जीपकडे गेली आणि तो बोलायचा थांबला.

तो गाडीभोवती फिरला. रंग वेगळा, नंबर वेगळा, सीटा नव्या. तो आत बसला, दार ओढून घेतलं, परत उघडलं, परत ओढलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो तसाच बसला.

"आबा, ही माझी गाडी हाय."

"कशावरनं?"

"हात सांगत्यात." मग त्याच्याच लक्षात आलं, की हे पुरेसं नाही. त्यानं डॅशबोर्डावरून हात फिरवला. "हितं मधी आमच्या वडलांनी बुद्धाची मूर्ती चिकटवली व्हती. पितळंची. गाडी घेतली त्याच दिवशी. चोरानं ती उपटून स्टँडवर टाकली, मला सकाळी तितंच घावली. तिचा डाग पडला असंल हितं. पडाय पायजे." तो वाकून वाकून बघत होता. डॅशबोर्ड सगळीकडे सारखा काळाभोर होता. "न्हाय की. मग नसंल ही गाडी."

मी आबांकडे बघितलं. आबा पाटावर खाली बसले होते.

"हुता," ते म्हणाले. "डाग हुता. मी काढला. परवा दिवशी. माझ्या हातानं घासून काढला."

इतक्या वर्षांत मी आबांना असं कधी बघितलं नव्हतं. रागावलेले बघितले, हसताना बघितले, प्लॅस्टिकशी बोलताना तर रोजच. पण ते स्वतःच्या तळहातांकडे बघत असे बसले, की मावशी पदरानं हात पुसत बाहेर आल्या.  सिद्धार्थच उलट आबांची समजूत घालायला लागला, "जाऊ द्या आबा, तुमाला काय म्हाईत."

मला मात्र आठवलं. मी जिना चढून वर गेले, ट्रंक उघडली आणि बटर पेपरची गुंडाळी घेऊन खाली आले. एकेक कागद उलगडत ते चित्र शोधलं. मी ते गाडीच्या बॉनेटवर पसरलं.

सिद्धार्थनं शर्टाच्या वरच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आठ महिने ती मूर्ती तो छातीशी घेऊन फिरत होता. अंगठ्याएवढी, मांडी घातलेली. लहानपणी त्याच्या हातून पडून बैठकीचा एक कोपरा तुटला होता. त्यानं ती माझ्या चित्रातल्या ठशावर ठेवली, किंचित फिरवली, आणि तुटका कोपरा तुटक्या कोपऱ्यावर आला. कडेला केसाएवढीही जागा उरली नाही.

"बसली गं बाई जाग्यावर," मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

त्या संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस गाडी न्यायला आला. आबांनी त्याला सांगितलं, "तेल वाळलं न्हाय. दोन दिसांनी ये." तेल खडखडीत वाळलं होतं. प्लॅस्टिकच्या बाबतीत आबा खोटं बोललेले मी तेवढे एकदाच ऐकले, आणि त्यासाठी त्यांनी रात्री जेवताना दोनदा कानाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात. आबा, सिद्धार्थ, मी आणि माझं चित्र. मी आयुष्यात पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी चढत होते, आणि ड्रॉइंगच्या बोर्डाला धरून चढत होते. एसटीडी बूथवरून निरोप गेल्यामुळे ठेकेदारही आला होता, आणि तो तापलेला होता. त्याचंही बरोबर होतं. त्यानं रीतसर कागद करून गाडी घेतली होती.

"साहेब, उद्या कुणीबी येईल, हातात चित्र घेऊन, आन् म्हणंल गाडी माझी," तो म्हणाला. "ह्याला काय अर्थ हाय?"

फौजदार तरुण होते. त्यांनी चित्र सरळ धरलं, उलटं धरलं. "बाई, हे तुम्ही काढलंय?"

"हो. खाली सही आहे. तारीख आहे."

"पण नुसत्या डागावरून काय कळणार?"

आता आबा उठले. "साहेब, तुमची जीप भाईर हाय ती मी आजपातूर बघितलेली न्हाय. बघू का?"

फौजदारांना गंमत वाटली. आम्ही सगळेच बाहेर गेलो. आबांनी पोलिसांच्या गाडीत डोकं घातलं, डॅशबोर्डाला नाक लावलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "गाडीत बसल्यावर तुमी टोपी काढता. डॅशबोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवता. उलटी ठेवता, तोंड वर करून. आन् टोपीत काहीतरी ठेवता. त्याचं तेल सांडतंय."

दोन हवालदार एकमेकांकडे बघून तोंड दाबून हसायला लागले. फौजदार आधी लाल झाले, मग तेही हसले. "भजी," ते म्हणाले. "दौऱ्यावर असलो की भजी."

तिथून पुढं सगळं सरळ झालं. चित्र हा पुरावा होईल की नाही ते कोर्ट ठरवेल, पण तपासाला एवढं पुरे, असं म्हणून फौजदारांनी आमच्या अंगणातल्या लाल जीपखाली माणूस घातला. चासीवरचा नंबर घासून त्यावर दुसरा ठोकलेला निघाला. जुना नंबर खरवडल्यावर अर्धा दिसला आणि तो सिद्धार्थच्या कागदांशी जुळला. गाडी विकणारा सापडला, त्याच्याकडून चोर सापडले. दीड-दोन महिन्यांनी कोर्टाच्या हुकमानं जीप डाळजला गेली.

ठेकेदार पुन्हा आमच्या दारात आला तेव्हा आम्हाला वाटलं, भांडायला आला. पण तो दुसरी जीप घेऊन आला होता. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, "आबा, ही बी जुनीच घेतलीया. आधी बाईस्नी चित्र काढाय लावा. कोण बसून गेलंय काय, ते बघू. मग लग्नात फिरवतो."

त्यानंतर आबांच्या कामात एक फरक पडला. प्रत्येक भागाच्या कडेला, सहज नजर जाणार नाही अशा जागी, ते अंगठ्याएवढा तुकडा तसाच पांढरा सोडायला लागले. गिऱ्हाइकं कुरकुरायची. "आबा, हितं ऱ्हायलं की." आबा म्हणायचे, "ऱ्हायलं न्हाय, ठेवलंय." मी एकदा त्यांना विचारलं, की चित्र आहे ना आपल्याकडे, मग हे कशाला? ते घासता घासता म्हणाले, "तुमी काय जलमभर हितं ऱ्हाणार हाय व्हय?" खरं होतं. माझ्या बदलीचं तेव्हा चाललंच होतं, आणि मी ते त्यांना सांगितलं नव्हतं.

मी बारामती सोडायच्या आधीच्या रविवारी सिद्धार्थ जीप घेऊन आला. पुन्हा पांढरी करून घेतली होती, आणि डॅशबोर्डावर पितळेची ती मूर्ती बसली होती. त्याच्या आईनं आम्हा तिघांना डाळजला जेवायला बोलावलं होतं. मावशी नवी नऊवारी नेसल्या. मी तयार होऊन खाली आले. आबा मात्र पाटावरून उठेनात. आधी म्हणाले, तेल लावायचंय. मग म्हणाले, गुडघा धरलाय. मग म्हणाले, तुमी जावा, मी राखण करतो.

"राखण कशाची, दंतमंजनाची?" मावशी म्हणाल्या, आणि सिद्धार्थकडे वळल्या. "त्यांना गाडी लागती बाबा. गाडीत बसलं की पाच मैलांत उलटी. लग्नात आमची वरात बैलगाडीतनं काढायला लावली ह्या माणसानं. तीस वर्षं जीपांच्या गॅरेजात नोकरी केली, पण चालत्या जीपमधी एक दिस बसले न्हाईत. सायकलवरनं गेले आन् सायकलवरनं आले."

मी आबांकडे बघितलं. ते खाली मान घालून, रागावलेल्या मुलासारखे, बादलीतल्या पाण्यात बोट फिरवत होते. सिद्धार्थ हसला नाही. त्यानं पुढचं दार उघडलं आणि तो दाराला धरून उभा राहिला. बराच वेळ.  शेवटी आबा उठले, धोतर झटकलं, खिशात एक लिंबू घातलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले, देवळात बसावं तसे, हात मांडीवर ठेवून.

सिद्धार्थनं गाडी इतकी हळू चालवली, की सायकलवाले आम्हाला मागं टाकून पुढे जात होते. भिगवण रस्त्याला लागेपर्यंत आबा लिंबाचा वास घेत समोर बघत होते. मग त्यांनी एकदम हात वर केला. गाडी थांबली. आबा उतरून एका बाभळीच्या मागे गेले, आणि तिकडून जे आवाज यायचे ते आले. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन गेल्या. मी आणि सिद्धार्थ एकमेकांकडे बघत होतो. मला वाटलं, आता ते परत पायी निघतील, आणि त्यांच्याबरोबर आम्हालाही निघावं लागेल.

आबा आले. चूळ भरून, तोंड पुसून, टोपी सरळ करून. पुन्हा पुढच्या सीटवर चढले आणि दार जोरात ओढून घेतलं. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा असा काही उजळला होता, की मी तो तसा कधी बघितला नव्हता.

"सिद्धार्थ," ते म्हणाले, "जरा दामट की गाडी. मघाधरनं काय बैलगाडी चालवल्यागत चालवायलाईस?"